पहिला अर्धा तास

साहेब, आज रविवार, ११ ऑक्टोबर १९८१, सकाळचे सव्वासात. चाळीच्या पायरीवर बसून मांडीवर वही घेतली आहे. चहा झाला आहे, दाढी राहिली आहे. समोरचे डोंगर अजून कमरेपर्यंत धुक्यात आहेत आणि खालच्या शेतांतून पिकत आलेल्या भाताचा वास येतो आहे. हा वास आला की तुम्ही बोलता बोलता थांबायचात. तुम्हाला मराठी वाचता येत नव्हतं, आणि तुम्ही तुमच्या गावी वारल्याचं पत्र कारखान्यात आलं त्यालाही दहा वर्षं झाली. तेव्हा हे मी कुणासाठी एवढं जपून, ऱ्हस्व-दीर्घ बघून लिहितो आहे, ते मला सांगता येणार नाही. पण काल नेरळच्या बाजारात काका भेटले. ज्यांच्याकडून मी रोज तीन वाजता पंपघराचा ताबा घ्यायचो, ते पोशीरचे काका. तेव्हापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतं आहे.

तुम्ही नवं यंत्र उभं करायला ऑस्ट्रेलियातून आला होतात. मी वीस वर्षांचा, सातवी पास, नदीकाठच्या पंपघरात नवा लागलेला. आपली ओळख माकडांमुळे झाली. पत्र्यावर माकडं नाचत होती, मी विटेचा तुकडा उचलून एका माकडाच्या शेपटीशेजारी, लागणार नाही असा, फेकला आणि मागून आवाज आला, "फिर से फेंको." मला वाटलं, नोकरी गेली. मी म्हणालो, "साहेब, मारलं नाही, नुसतं हाकललं." तुम्ही पुन्हा म्हणालात, "फिर से." दुसऱ्या दिवशी तुम्ही पांढरा, लाल टाक्यांचा, बेसबॉलचा चेंडू घेऊन आलात. त्यानंतर रोज, मी पाळीवर आलो की स्टोअरच्या मागे आपण पाव तास चेंडू टाकायचो. दोन बोटं टाक्यांवर, अंगठा खाली. तुमच्या हातातून चेंडू सुटतो, डोंगराच्या निळ्यात क्षणभर नाहीसा होतो, आणि मग एकदम माझ्या छातीशी असतो. मधला प्रवास मला कधीच दिसला नाही. लोक हसायचे. "अरं, सायबानं कुत्रं पाळलं! टाकलं की आणतंय!" मला राग यायचा नाही. त्या पाव तासात मला माझं वजनच वाटायचं नाही.

तुम्ही अमेरिकेत पगार घेऊन चेंडू फेकत होतात, हे कुणाला पटेना. आमचा फिटर, ज्याच्याकडून तुम्ही हिंदी शिकलात, तो म्हणाला, "सायेब, फेकायचा पगार? मग आमच्या पोरांचे लई पैसे बाकी हायेत बघा." तुम्ही सर्वांत मोठ्याने हसलात. मला मात्र तुम्ही सगळं नीट समजावलंत. चेंडू फेकणारा एक जण सामना सुरू करतो. तो थकला किंवा त्याचा डाव बिघडला की कुंपणाजवळ बसलेल्या दुसऱ्याला बोलावतात. तुम्ही ते दुसरे. बंदरावरच्या गावातून विसाव्या वर्षी तुम्हाला बोटीने नेलं, आणि सात वर्षं तुम्ही लहान लहान गावांत, लहान लहान संघांत, बाकावर बसून बोलावण्याची वाट बघितलीत. सात वर्षांत एकही सामना तुम्ही सुरू केला नाहीत. मोठ्या संघात जायचं राहूनच गेलं. ती गावं मला अजून दिसतात. चौक गावाकडच्या रस्त्यासारखा रस्ता, पण रुंद आणि रिकामा. दोन्ही बाजूंना मक्याची शेतं. दिवस दिवस चालणारी बस, आणि खिडकीला डोकं टेकून झोपलेले तुम्ही. मी तिथे कधी गेलो नाही, तरी त्या बसमधली जागा मला माझ्या ओळखीची वाटते.

आता त्या दिवसाचं. कारखान्याचा नियम तुम्हाला माहीत होता. पाळी बदलल्यावर पहिल्या अर्ध्या तासात काही बिघडलं, तर दोष आधीच्या पाळीचा. तीन वाजता काकांनी मला ताबा दिला. "डावं बेरिंग गरम लागतंय रं. मी तेल टाकलंय, पन तू हात लावून बघत ऱ्हा. उगा चेंडू खेळाया पळू नको." मी म्हणालो, "नाही काका." वहीत सही केली, बेरिंगला हात लावला. गरम होतं, पण हात ठेवता येत होता. मग तुमची शीळ आली. तुम्ही मला तो संथ चेंडू शिकवत होतात, जो येता येता झोप लागल्यासारखा थांबतो आणि खाली उतरतो. मला तो त्याच दिवशी पहिल्यांदा जमला. पाव तास कधी सरला कळलं नाही. मागे पंपाची घरघर चालू होती, आणि ती चालू आहे तोवर सगळं जग ठीक आहे असं मला वाटत होतं. मग एक किंकाळी आली, लोखंडाची, आणि त्यानंतर अशी शांतता, की तिच्यात नदी ऐकू आली. मी धावलो. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. मी पेन उघडलं आणि माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं, पंप बंद, तीन पंचवीस. तुम्ही दारात उभे होतात. तुम्ही घड्याळाकडे बघितलंत, मग वहीकडे, आणि खाली साक्षीची सही केलीत.

काकांचा तो दुसरा ठपका होता. दिवाळीत ते कायम होणार होते, त्यांना काढून टाकलं. त्यांच्या जागी मी कायम झालो. चार दिवसांनी तुम्ही स्टोअरच्या मागे आलात, पण चेंडू आणला नव्हता. तुम्ही सांगितलंत, की अमेरिकेत एकाच खोलीत राहणारा तुमचा एक मित्र होता, सामना सुरू करणारा. एकदा तो समोरच्या संघाचे तीन गडी धावेच्या अर्ध्या वाटेत सोडून थकून बाहेर आला आणि तुम्हाला बोलावलं. तुमचा पहिलाच चेंडू ढिला गेला आणि फटका बसून त्या तिघांच्याही धावा पुऱ्या झाल्या. खेळाचा नियम असा, की ज्याने गडी वाटेत सोडले, धावा त्याच्या नावावर. त्या आठवड्यात मित्राला घरी पाठवलं आणि तुम्हाला एक पायरी वरच्या संघात. "मेरा पन्ना एकदम साफ," तुम्ही म्हणालात. "रूल ने लिखा. मैंने नहीं लिखा." आणि मग तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात, कारण माझं मी लिहिलं होतं. आपण त्यानंतर चेंडू टाकला नाही. दोन महिन्यांनी तुम्ही गेलात.

काल काका विळे घासाघीस करून घेत होते. मी वळून जाणार, तेवढ्यात हाक आली. "कोन, पंपवाला? पोट सुटलं रं तुझं! कायम झाल्याचं पोट हाय ते." हसले. मला हाताला धरून चहाला नेलं. शेती बरी आहे, मुलगा रेल्वेत लागला आहे, सून चांगली आहे. मग बशीत चहा ओतता ओतता म्हणाले, "एक विचारू का रं? राग नाय, आं. त्या दिवशी मी फाट्यावर साडेतीनच्या एष्टीची वाट बघत होतो. गाडी आली, चढलो, तवा तुझा पंप चालू होता. मला आयकू येत होता. मग वहीत तीन पंचवीस कसं काय आलं?" मी बशीकडे बघत होतो. ते म्हणाले, "नोकरी गेली ती गेली. पन बारा वर्सं मी मलाच विचारतोय, तेल कमी टाकलं का आपून? बायकोला बी विचारतो. ती म्हनते, झोपा आता. तू तिथं होतास, तूच सांग."

साहेब, यापेक्षा सोपं कुणी कुणाला विचारलं नसेल. मी म्हणालो, "काका, गाडी त्या दिवशी लवकर आली असेल."

त्यांनी बशीतला चहा संपवला. मग मान हलवली. "आसंल. एष्टीचा काय भरवसा." विळे पिशवीत घातले, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि पोशीरच्या रस्त्याने गेले.

गाडी वेळेवर आली होती. आपण दोघं स्टोअरच्या मागे होतो. फाट्यावर तिचा हॉर्न वाजला, तेव्हा साडेतीन झाले हे मला कळलं होतं. तुम्ही हात खाली घेतला होतात. मीच म्हणालो होतो, "साहेब, और एक."