मांजर नसलेलं गोदाम

गव्हाण, १४ जुलै २०२५

ती. सुमतीआत्यास,
प्रणितचा सा. न. वि. वि.

तुझ्या पोलिस पथकाच्या कामाचं फोनवर बोलायचं नाही असं तूच दटावलंयस, म्हणून काशीरामकाकांच्या हाती चिठ्ठी धाडतोय.

खाडीकाठच्या शेडमध्ये दोन परके भाडेकरू आलेत. पाटी ‘सुकी मासळी, घाऊक’. मनस्वी काल सोडे घ्यायला गेली, तर नको ते बोलून त्यांनी दार लावलं. मी बांबू घेऊन निघालोच होतो. तिनं माझी कॉलर धरली नि म्हणाली, ऐन पावसाळ्यात गिऱ्हाईक परतवणारा सुक्या मासळीवाला पाहिलास कधी? दारात एक मांजर नाही, नि वास येतो तो तळोज्याच्या केमिकल कारखान्यासारखा. पुस्तक प्रदर्शनात बॉम्ब ठेवून पळालेले जे तुम्ही शोधताय, ते हेच तर नसतील, असा तिचा संशय.

बाकी तिचे बाबा, जीवन नाखवा, अजून हटून आहेत. कॉलेज सोडलंन त्याचं काय नाय, पन मास्तराशी भांडून सोडलंन, असला तापट जावय आमाला नको, म्हणतात. आत्या, मनस्वी नाही तर लग्नच नाही. हसू नकोस.

तुझा लोभ आहेच, थोडा नाखवांकडे वळव.
तुझा प्रणित

मुंबई, १७ जुलै

चि. प्रणित यास अनेक आशीर्वाद.

हसले. मग आमचा माणूस तिथं फिरकून आला नि हसू थांबलं. माणसं तीच आहेत. दार फोडलं तर आतला माल उडवतील, शेजारी वस्ती आहे. दोघंही एकदम बाहेर यायला हवेत. गटारीला खाडीकाठी कुणी कोंबडी शिजवत बसलं तर कोण विचारतो? आमची पोरं तशीच येतील, गाणी मोठ्यानं लावतील. कटकट करायला ते येतीलच.

तू चूल सांभाळ. काहीही बोलले तरी हात खिशात. तू एक ठोसा मारलास तर दुसरा आत कडी लावेल. नीट वागलास तर नाखवांशी मी बोलते. मनस्वीला सांग, पथकात घ्यायची तर तिलाच घेईन, तुला नाही.

प्रकृतीपेक्षा डोकं सांभाळ.
तुझी आत्या

गव्हाण, २५ जुलै

ती. आत्यास सा. न.

काल तू शेडमागे दबा धरून होतीस, म्हणून पुढची मजा तुला दिसली नाही.

गटारीला आमंत्रण लागत नाही. रश्श्याचा वास धरून नाखवा आपणहून आले, त्यांना कसलाच पत्ता नाही. तुझ्या पोरांबरोबर नाचायलाही लागले. मनस्वी भाकऱ्या घेऊन आली नि तेवढ्यात पहिला बाहेर आला. तिच्या हातातली टोपली उडवून शिवी दिलीन. दुसरा अजून उंबऱ्यात. माझे हात खिशातच होते, पण नाखवा पळी घेऊन धावले. मी त्यांना कंबरेला मिठी मारून धरलं. नाखवा, शांत व्हा, म्हणत राहिलो. ते माझ्यावरच ओरडले, सोड रं, माझ्या पोरीला बोलला तो. आमची झटापट बघायला दुसरा हसत हसत अंगणात आला, नि तुझ्या पोरांनी दोघांना चिखलात लोळवलं.

तुमच्या गाड्या गेल्यावर नाखवांनी पळी धुऊन रस्सा ढवळला. मग माझ्या ताटात दोन तुकडे जास्तीचे वाढत मनस्वीला म्हणाले, तुझ्या आयसला सांग, सोयरीक बघायची थांबव. माझ्या घरात मला धरनारा कुनीतरी पायजे.

तू नुसती जेवायला ये, बोलायचं काही उरलं नाही. मनस्वीकडून नमस्कार, तिला पथकाचं खरंच विचारायचंय.

आता कळवायला पुष्कळ आहे, तूर्त एवढ्यावर माया कर.
तुझा प्रणित