‘नंतर’ नावाचं बटण

४ मार्च

बारा शब्द गेले! सुटलो एकदाचे.

आमच्या ॲपवर पाकीट, म्हणजे प्रत्येकीचं डिजिटल खातं, उघडायचं तर आजवर बारा शब्द क्रमाने लिहून जपून ठेवावे लागत. तेवीस नर्सेसपैकी सतरा जणींनी ते हरवले. एकीने खरेदीच्या यादीमागे लिहिले आणि यादी दुकानात विसरली. आता फक्त ईमेल टाकायचा, आलेला सहा आकडी कोड टाकायचा — पाकीट तयार. पाकिटाची किल्ली, म्हणजे लांबलचक गुप्त अक्षरं-आकडे, मागच्या मागे बनते, डोळ्यांना दिसतही नाही. दुसऱ्या एका कंपनीची ही सोय आहे, आमच्या इंजिनिअरने ती आपल्या ॲपला जोडली. दिवसभर किल्ल्यांबद्दलच बोलतो म्हणून त्याचं नाव किल्लीवाला.

साहेब म्हणाले, “माझ्या आईला जमलं तरच मी याला सोपं म्हणेन.”

किल्लीवाला म्हणाला, “तुमच्या आईला जमेल हो. तुमचं बघा.”

माझं काम स्क्रीनवरचे शब्द. बटणावर काय लिहायचं, चूक झाली तर काय सांगायचं. बावीस वर्षं सायंदैनिकात पानं लावली, दुपारी दोनला पान छपाईला सोडायचं म्हणजे सोडायचं. पेपर बंद पडला, कात्री तेवढी हातात राहिली. इथे तीच चालवते.

७ मार्च

आज मेट्रनबाईंच्या घरी सह्या झाल्या. हे नीट लिहून ठेवायला हवं.

ताईचं रुग्णालय बंद होऊन दीड वर्ष झालं. जुन्या नोंदी रद्दीत गेल्या. एकतीस वर्षं ताईने तिथे नर्स म्हणून काम केलं, पण त्याचा कागद नाही. कागद नाही तर नोकरी नाही. आणि नोकरी हवीच आहे, कारण ती आणि भावोजी अजून रुग्णालयाच्या क्वार्टर्समध्ये राहतात. मेअखेर जागा सोडायची आहे. दुसऱ्या गावी मुलांच्या रुग्णालयात जागा निघाली आहे, सोबत राहायला दोन खोल्या. वीस मेपर्यंत अनुभवाचा दाखला द्यायचा.

आमचं ॲप याचसाठी. ब्लॉकचेन म्हणजे एक वही समजायची, तिच्यातलं पान फाडता येत नाही, तारीख खोडता येत नाही. रुग्णालयातल्या नर्सेसच्या प्रमुख म्हणून मेट्रनबाईंनी आपल्या किल्लीने सही केली की दाखला त्या नर्सच्या पाकिटात पडतो आणि तिथेच राहतो. कोणाला देता येत नाही, विकता येत नाही. आपल्या किल्लीने पाकीट उघडून दाखवलं की तो आपला.

मेट्रनबाई खाटेवर उशांना टेकून बसल्या होत्या. नाकाला ऑक्सिजनची नळी. पहिला प्रश्न, “हे खरं की नाटक?”

किल्लीवाला म्हणाला, “पाकिटं सध्या चाचणीची आहेत, बाई. वहीसुद्धा चाचणीची वापरू.”

“मग मी चाचणी म्हणून मरते, चालेल? खऱ्या वहीत करा. मी खोट्या कागदावर सही करत नाही.”

केली खऱ्या वहीत. त्यांच्यापुढे नाही म्हणणार कोण? साहेबसुद्धा हात मागे बांधून उभे होते.

त्यांच्याजवळ स्वतःची जुनी डायरी होती, कोण कधी रुजू झालं, कोण कधी रजेवर होतं. ताईचं नाव आलं तेव्हा चष्म्यावरून बघितलं. “आई आजारी होती तेव्हा चार महिने तू घरी होतीस. ते कापा.”

ताई हसली. “कापा बाई.”

“आमच्यात एकच नियम. दुसऱ्याच्या पाळीची सही आपण करायची नाही. ज्याने रात्र काढली त्याने सही करावी. बाकी सगळं शिकवता येतं.”

शेवटी म्हणाल्या, “ती किल्ली कागदावर मिळते का?”

“मिळते. पण लागत नाही आता.”

“लागत नाही ते मी ठरवेन.” आणि चौसष्ट अक्षरं-आकडे चार-चारच्या गटात उतरवून घेतले. दोनदा ताडून पाहिले, प्रत्येक गटावर बरोबरची खूण. औषधाचा तक्ता भरावा तसं. अर्धा तास! आम्ही एकमेकांकडे बघून हसत होतो.

८ मार्च

ताई दिवसातून तीनदा पाकीट उघडून दाखला बघते म्हणे. भावोजी म्हणतात, पळून जाणार आहे का तो?

१९ मार्च

मेट्रनबाई गेल्या. दुपारी. ताई रोज त्यांचं करायला जायची, शेवटीही तीच उशाशी होती. फोनवर रडली नाही. म्हणाली, “सगळं आवरून मग घरी येते.”

२४ मार्च

किल्ली बनवणाऱ्या कंपनीचं पत्र आलं. चाचणीच्या किल्ल्या तीस एप्रिलला पुसणार. त्यानंतर त्याच ईमेलने आत गेलं तर नवी किल्ली, नवं पाकीट. जुनं परत मिळणार नाही.

किल्लीवाल्याने सूचना लिहून दिली: “ही किल्ली चाचणीची आहे. ३० एप्रिलनंतर ती कायमची नष्ट होईल. तुमचा दाखला याच किल्लीने उघडतो. त्याआधी किल्ली उतरवून घ्या.”

साहेब म्हणाले, “नष्ट? कायमची? अहो, तेवीस बायका मला फोन करतील. याच महिन्यात दोन नवी रुग्णालयं ॲप बघायला येणार आहेत. गोड लिहा काहीतरी.”

किल्लीवाला म्हणाला, “तसंही तोवर मी सगळ्यांच्या किल्ल्या नव्या ॲपमध्ये हलवणारच आहे.”

मग मी लिहिलं: “सोयीसाठी तुमची किल्ली उतरवून ठेवा.” खाली दोन बटणं. ‘उतरवा’ आणि ‘नंतर’.

पाच शब्द. साहेब खूश. खरं सांगायचं तर मीही खूश होते.

११ एप्रिल

किल्लीवाला नोकरी सोडून गेला. दुसरीकडे बोलावलं, तीन दिवसांत रुजू हो म्हणाले. जाताना उरलेल्या कामांची यादी ठेवून गेला, एकतीस कामं. शुद्धलेखन तपासायला माझ्याकडे आली. मी शुद्धलेखन तपासलं.

२ मे

नवं ॲप काल सुरू झालं. सकाळी ताईचा फोन.

“चिमे, माझं पाकीट रिकामं दिसतंय गं.”

“ईमेल चुकला असेल.”

“एकच ईमेल आहे मला. तूच काढून दिलास.”

“बंद करून परत उघड.”

“तीनदा केलं. लिहून येतंय — ‘अजून इथे काही नाही. सुरुवात करू या!’”

ते वाक्य माझंच. उद्गारचिन्हासकट.

३ मे

सगळं कळलं. काही उरलं नाही.

किल्ल्या हलवायच्या राहिल्या. यादीत चौदाव्या क्रमांकावर होतं. त्या ओळीत ‘स्थलांतर’चा अनुस्वार मी तपासला होता, अर्थ नाही. साहेबांनी यादी उघडलीच नव्हती. किल्लीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, “अहो, तीस तारीख तुम्ही सूचनेत लिहिली होती ना? मग त्यांनी उतरवल्या असतीलच.”

त्या कंपनीचं उत्तर दोन ओळींचं: पुसलं आहे. परत आणता येत नाही.

दाखले मात्र वहीत आहेत! कोणीही बघावेत. ताईची तीस वर्षं आठ महिने, खाली मेट्रनबाईंची सही. काचेच्या कपाटात ठेवल्यासारखे. पण ते पाकीट आपलं आहे हे सिद्ध करायची किल्ली जगात कोणाकडेच नाही. नव्याने दाखला द्यायचा तर सही मेट्रनबाईंचीच लागते.

४ मे

कोणी कोणतं बटण दाबलं याची नोंद असते. काढून बघितली. तेवीस जणींपैकी एकीनेही ‘उतरवा’ दाबलेलं नाही.

ताईने ‘नंतर’ नऊ वेळा दाबलं.

संध्याकाळी तिच्याकडे गेले. अर्धं घर खोक्यांत. भावोजी भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होते. मुलांच्या रुग्णालयात तिने विचारून पाहिलं होतं, दाखल्याशिवाय चालेल का. नाही म्हणाले.

मी विचारलं, “किल्ली का नाही गं उतरवलीस?”

“सोयीसाठी म्हटलं होतंस ना. मला कसली गैरसोय होती? इंजिनिअरने लिहिलं असतं तर घाबरून दाबलं असतं. तुझी भाषा मी ओळखते. म्हटलं, महत्त्वाचं असतं तर चिमीने तारीख घातली असती. घड्याळाच्या काट्यावर जगलेली बाई तू.”

भावोजी म्हणाले, “असू दे. त्या बिचारीची काय चूक.”

तारीख होती, मी काढली, हे मी सांगितलं नाही. एक कप घेतला आणि गुंडाळायला लागले.

६ मे

बाकीच्या बावीस जणींना साहेबांनी कळवायला सांगितलं. “तांत्रिक अडचणीमुळे” असं सुरू केलं. तिथेच थांबले. पाठवलं नाही.

९ मे

मेट्रनबाईंचा मुलगा ऑफिसात आला. हातात पाकीट. कागदाचं, खरंखुरं.

“आईच्या उशीखाली होतं. वर तुमच्या ॲपचं नाव लिहिलंय. मला काही कळत नाही यातलं. टाकून द्यावं की तुम्हाला लागेल?”

चार-चारचे गट. बरोबरच्या खुणा.

कंपनीने काय पुसलं याचा या कागदाशी काही संबंध नाही. किल्ली म्हणजे ही चौसष्ट अक्षरंच. ज्याच्या हातात, सही त्याची. चोवीस बायकांमधल्या एकाच बाईने किल्ली जपली, आणि ती गेली!

मुलाला म्हटलं, “लागेल. बरं झालं आणलंत.”

११ मे

साहेबांना सांगितलं, या किल्लीने बाईंची सही पुन्हा करता येईल, दाखले नव्याने देता येतील.

“दाखल्यांतला मजकूर खरा आहे?”

“अक्षर न् अक्षर.”

“बाईंनी एकदा सही केली होती?”

“सगळ्यांसमोर.”

“मग नुकसान कोणाचं?” नंतर म्हणाले, “हे बघा, मी काही बोललो नाही. तुम्हीही काही विचारलं नाहीत.” आणि दार ओढून घेऊन गेले.

दुसऱ्याच्या पाळीची सही. दिवसभर हेच डोक्यात.

ताईला विचारावं? विचारलं तर ती काय म्हणेल ते मला माहीत आहे. म्हणूनच विचारत नाही.

१३ मे

केलं.

सकाळी दहाला बसले, बाराला संपलं. चौसष्ट अक्षरं टाकताना दोनदा चुकले. मग त्यांच्यासारखंच बोट ठेवून चार-चार वाचले. तेवीस नव्या पाकिटांत तेवीस दाखले. जुन्यांची हुबेहूब नक्कल. ताईचे चार महिने मीही कापले. ते परत घालावेत असं एकदा मनात आलं. म्हटलं, नको, बाईंनी कापले आहेत. कसली लाज राखत होते कोण जाणे!

वहीत तारीख आजची पडते, ती बदलता येत नाही. दाखल्याच्या स्क्रीनवर सहीखाली दिसायची. तेवढी ओळ काढली. “जागा मोकळी वाटते,” असं बदलांच्या नोंदीत लिहिलं. दुसऱ्यांदा तारीख कापली.

ताईला कळवलं: दाखला सापडला. बघ.

१४ मे

ताईचा फोन. मागे भावोजी काहीतरी गुणगुणत होते.

“कुठे सापडला गं?”

“होता तिथेच. शोधावा लागला.”

“माझी चिमी ती! पाठवला बघ मी आत्ताच. त्या दोन खोल्यांना खिडक्या पूर्वेकडे आहेत म्हणे.”

बाकीच्या जणींचेही फोन. एकीने रडून आशीर्वाद दिले. मी “हो, हो” करत राहिले.

मेट्रनबाईंचा कागद अजून माझ्या खणात आहे. फाडवत नाही.

१६ मे

काही नाही. ‘नंतर’ हे बटण ॲपमधून काढून टाकलं.

१८ मे

मुलांच्या रुग्णालयातून ताईला फोन आला होता. तिथल्या कोणीतरी थेट वही उघडून तपासलं आणि विचारलं, सही तेरा मेची कशी? मला तिचा निरोप आला, एवढाच:

“हा दाखला माझा नाही असं त्यांना सांगितलं. मेट्रनबाई गेल्याची वेळ कागदावर मीच लिहिली होती, चिमे. एकोणीस मार्च, तीन वाजून दहा मिनिटं. त्याखाली सही माझी आहे.”