साध्या कोटातला हिवाळा

प्रिय दादा,

बाबांची कादंबरी मीच स्वच्छ अक्षरात उतरवली होती. त्यांनी कधीच न पाहिलेल्या त्या देशातल्या हिवाळ्यात नायक साध्या कोटावर फिरतो. मी विचारलंही होतं, "बाबा, एवढ्यावर भागतं?" ते हसले, "कोण जाणार आहे गं तपासायला?" मी तसंच उतरवलं.

ती कादंबरी वाचून तू त्या देशात गेलास, तसाच कोट घेऊन. तू तिथं गारठून मरण पावल्याचं कळवणारं सरकारी पत्र मी लपवलंय. बाबांची नजर गेलीय, म्हणून तू त्या कोटात मजेत असल्याची पत्रं मनानंच रचून त्यांना वाचून दाखवते.

आज ते म्हणाले, "बघ, मी बरोबरच लिहिलं होतं! त्याला लिही, मलाही एकदा तिकडं ने."

दादा, तुझ्या वतीनं काय उत्तर लिहू?

तुझी,
चिमी