सलाईन साखरपुड्यानंतर

२ एप्रिल
टीबी नव्हताच. टीबीच्या गोळ्या गिळण्यात अख्खा हिवाळा गेला. कल्याणचे डॉ. म्हणाले, फुफ्फुसाचा कॅन्सर. माझ्याशी नाही, ह्यांच्याशी. मला म्हणे, "मावशी, जरा बाहेर बसा." दार उघडंच होतं. छातीत पाणी झालंय, ऑपरेशन होणार नाही. जीनची तपासणी करायची. त्यात काही सापडलं तर रोज एक गोळी, नाहीतर सलाईनमधून केमो. ह्यांनी एकच विचारलं, "केस जातील काय?"

९ एप्रिल
गावात टीबीच सांगायचं ठरलं. सोनीलाही. तिला शहापूरचं स्थळ आलंय. हे म्हणाले, "आईला हाय म्हंजे पोरीला बी होनार, असंच बोलतील गो लोकं." जाऊबाई म्हणतात, मिशरीनं खोकला लागला. मिशरीला मी जन्मात हात लावला नाही. चूल फुंकली, दर उन्हाळ्यात भाताच्या रोपांसाठी शेतात पालापाचोळ्याचे राब भाजले, तो धूर कुणी मोजत नाही.

२३ एप्रिल
रिपोर्ट आला. गोळी लागू नाही. मीही देवाकडे गोळीच मागत होते, केसांसाठी! लाज वाटली. केमो, जोडीला इम्युनोचं, म्हणजे प्रतिकारशक्तीचं इंजेक्शन. डॉ. म्हणाले, "थांबू नका, सोमवारी या." एसटीत हे हळूच म्हणाले, "साखरपुडा होऊ दे, मग बघू." तो मेअखेर. तोवर मी नुसती धडधाकट दिसायचं. माणूस वाईट नाही. तरी असा संताप आला की...

२५ एप्रिल, शनि.
शहापूरची मंडळी तारीख पक्की करायला आली. मुलाची आई म्हणाली, "तुमचं केस काय लांब हो अजून!" आणि माझ्या तोंडून निघालंच. "जातील आता. मला फुफ्फुसाचा कॅन्सर आहे. सोमवारपासून केमो." चहा बशीत तसाच राहिला. "कळवतो," म्हणाले.
सोनी रडत होती. "मला आधी का नाय सांगितलंस?" माझ्यासाठी रडते की स्थळासाठी, विचारायची हिंमत झाली नाही.

२६ एप्रिल, रवि.
शहापूरहून काही नाही. हे म्हणाले, "झालं समाधान?" आणि शेतावर निघून गेले. नाही झालं. पोरीचं मोडलं तर मला जन्मभर टोचेल, जो काय जन्म उरलाय तो. पण मला जगायचंय. स्वतःच्या घरात हे लिहितानाही चोरी केल्यासारखं वाटतं.
फाइल, पाण्याची बाटली, टॉवेल पिशवीत भरलं. उद्या पहिल्या एसटीनं कल्याण. सोबत कोण येणार, विचारलं नाही.