ताईचं कानातलं यंत्र मी उघडलं त्याची हकिकत

तीर्थरूप ताईस,

वाकून नमस्कार (कंबर जितपत परवानगी देते तितपत वाकून). तुझे गुडघे, रक्तदाब आणि शेजारीण, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. माझं म्हणशील तर अंग ठीक आहे, डोकं ठिकाणावर नाही. हे पत्र टेबलाशी बसून सुरू केलं होतं, आता खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून उभ्यानं लिहितो आहे, त्यामुळे ओळी उताराला लागल्या तर समजून घे. तू म्हणशील, एवढं लिहिण्यापेक्षा मेसेज का नाही केला? केला होता. पण हा मोबाईल माझं वाक्य माझ्या आधी संपवतो. मी ‘ताई, तुझं यंत्र’ एवढं लिहिलं, की तो पुढे ‘खूप सुंदर आहे, अभिनंदन’ जोडून मोकळा. (परवा तुला आलेला तो मेसेज माझा नव्हे.) माझी वाक्यं परस्पर संपवायचा हक्क या घरात फक्त हिला होता, आणि ही गेल्यापासून ती जागा मी कुणाला दिलेली नाही.

तर, मुद्दा. तुझं कानातलं यंत्र मागच्या मंगळवारी कापसात गुंडाळलेलं, चिठ्ठीसकट पोचलं. ‘मेलंय. बघ काही होतंय का.’ एवढीच चिठ्ठी. आता तुझ्या कानात यंत्र नाही म्हणजे आपला फोन नाही, आणि आपला फोन नाही म्हणजे संध्याकाळी सात वाजले की मी या घरात नुसत्या येरझाऱ्या घालतो. दिवसभरात जे घडतं ते सांगायचं कुणाला? (भाजीवाल्याला सांगून पाहिलं. हल्ली तो मला लांबून पाहिलं की पाठमोरा होऊन पोती आवरायला लागतो.) चार वर्षं आपण रोज बोलतो आहोत, आणि तुझ्याइतकं शांतपणे ऐकून घेणारं माणूस मी पाहिलेलं नाही. मध्ये तोडत नाहीस, सल्ला देत नाहीस, विषय बदलत नाहीस. तेव्हा यंत्र तुझं असलं तरी अडलेला मी होतो, हे ओळखून कामाला लागलो.

आधी शिस्तीत कंपनीला कळवावं म्हटलं. ताई, ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी यंत्रं बनवणारी ही कंपनी तक्रार फक्त फोनवर घेते! त्या फोनवर एक बाई असते (म्हणजे बाई नसते, आवाज असतो) आणि ती आपली अडचण थोडक्यात सांगायला सांगते. थोडक्यात! मी यंत्र विकत घेतल्याच्या दिवसापासून सुरुवात केली. तिनं तीनदा माफी मागितली, तिन्ही वेळा तिला काही कळलं नव्हतं, आणि चौथ्यांदा एका खऱ्याखुऱ्या माणसाकडे मला ढकलून दिलं. तो म्हणाला, हे मॉडेल जुनं झालं, नवीन घ्या. चार वर्षांत जुनं! माझ्या पायातल्या चपला याहून वडीलधाऱ्या आहेत. मी म्हटलं, दुरुस्त करून द्या. त्यावर, जणू मी काही अचकट विचकट बोललो अशा सुरात तो म्हणाला, ते उघडत नाही, आणि तुम्ही उघडलंत तर आमची जबाबदारी संपली. सध्या कुठली जबाबदारी चालू आहे, असं मी विचारलं, तर फोन कटला.

‘उघडत नाही’ हे मला सांगतो! चाळीस वर्षं शर्टाच्या कारखान्यात शिलाई मशिनी उघडण्यात गेली माझी, तीही चाळीस बायका हात बांधून खोळंबलेल्या आणि सुपरवायझर मानेवर श्वास सोडतोय अशा अवस्थेत. माझी पद्धत तुला माहीत आहेच. पुठ्ठ्यावर मशिनीचं चित्र काढायचं आणि जो स्क्रू जिथून निघेल तो चित्रात त्याच जागी टोचून ठेवायचा, म्हणजे शेवटी हातात काही उरत नाही. त्याप्रमाणे वालाच्या दाण्याएवढ्या तुझ्या यंत्राचं ताटाएवढं चित्र काढलं, स्क्रूड्रायव्हर पुसून घेतला, चष्म्यावर भिंग धरलं. ताई, एकही स्क्रू नाही! अर्धा तास शोधला. एक ठिपका सापडला, तो माझ्याच पेनच्या शाईचा निघाला. चहूबाजूंनी नुसता गोंद! जो माणूस वस्तू गोंदानं बंद करतो त्याला तिचं तोंड पुन्हा बघायचंच नसतं. त्या रिकाम्या पुठ्ठ्याकडे बघून मला इतकं अस्वस्थ वाटायला लागलं की उठून घरातल्या दारांच्या बिजागऱ्यांचे सगळे स्क्रू आवळून आलो.

मग पाणी गरम केलं, पातेल्यावरच्या कोमट झाकणावर यंत्र ठेवलं (झाकणावर, पाण्यात नव्हे, दचकू नकोस), आणि मशिनीची अकरा नंबरची सुई फटीत घालून हळूहळू फिरवत राहिलो. टक् झालं. आत काय झालं होतं म्हणशील? काही नाही. बॅटरीला टेकणाऱ्या पत्रीवर हिरवा गंज चढला होता. खोडरबरानं पुसला, सुईनं पत्री सरळ केली, झाकण दाबून बसवलं. बारीकसा दिवा लागला. ज्या कामाला कंपनीचं उत्तर ‘नवीन घ्या’ होतं त्याला खोडरबर पुरलं. हे कुणाला तरी सांगावं म्हणून मी फोन उचलला, तेव्हा लक्षात आलं की सांगायचं जिला तिचा कान माझ्या हातात आहे.

पुसून स्वतःच्या कानात घालून पाहिलं. माझ्या चपला, फ्रिज, दोन मजले खाली कुणाचा तरी गळका नळ, सगळं डोक्यातच चाललंय असं वाटलं. आणि मग तीच फोनवरची बाई थेट कानात बोलली, की अनधिकृत दुरुस्ती आढळली आहे, ॲपवर जाऊन ओळख पटवा. बंद पडलं तेव्हा ब्र काढला नाही, चालू झाल्यावर चहाडी करते! ॲप घेतलं. त्याला मी कुठे असतो ते हवं, माझ्या ओळखीच्यांचे नंबर हवेत, माझे फोटो हवेत. कानाच्या यंत्राला फोटो कशाला? मी एकेकाला नाही म्हणत गेलो, ते दर वेळी बंद पडत गेलं. मी उभा राहून त्या मोबाईलला चार शब्द सुनावले, माणसाला काही खासगी असतं की नाही म्हणून विचारलं, आणि दहा मिनिटांनी सगळ्याला हो म्हटलं. तेव्हापासून मला जाहिराती येतात. आधी कानाच्या यंत्रांच्या, मग काठ्यांच्या, आणि कालपासून गोंदाच्या. (गोंदाचं कुणी सांगितलं त्यांना?) शेवटी तुझा पासवर्ड मागितला, तो तुझ्या लेकीकडून घेतला. तिला रागावू नकोस, मी अर्धा तास तिला सोडलंच नव्हतं, कंटाळून दिला बिचारीनं. खातं उघडलं, बाई गप्प झाली, यंत्र झकास चालू आहे.

पासवर्ड मात्र ताबडतोब बदल. त्या खात्यात काय काय दिसतं याची तुला कल्पना नसेल. मी अर्थातच काही पाहिलं नाही. यंत्र याच पाकिटात आहे, कानात घाल आणि मला कळव. तुझ्या थोरपणाला नमस्कार, तुझ्या शेजारणीला लांबूनच.

तुझा धाकटा,
खटपट्या

ता. क. १ : पाहिलं. ‘तुमचा ऐकण्याचा प्रवास’ असं एक पान आहे, त्यात रोज यंत्र किती वाजता चालू, किती वाजता बंद, आवाज किती, सगळं लिहिलेलं असतं. तू सकाळी उठल्यापासून ते चालू. रेडिओ ऐकतेस, शेजारणीचंसुद्धा ऐकतेस. आणि रोज संध्याकाळी सात वाजून दोन मिनिटांनी बंद. आठला दहा कमी असताना पुन्हा चालू. मला वाटलं ॲप बिघडलं. म्हणून महिन्यामागून महिना मागे गेलो. मला ताप होता आणि मी फोन केला नव्हता, त्या चार दिवसांत सातलाही चालूच. म्हणजे चार वर्षं तू कान बंद करून अंदाजानं ‘हं’ म्हणत होतीस! (तरीच माझी दाढ काढल्याचं सांगितलं तेव्हा ‘अरे वा’ म्हणालीस.) फार राग आला, ताई. खूप लागलं. तुला कडक पत्र लिहायचं म्हणून आणखी मागे गेलो, तर एकच संध्याकाळ अशी सापडली की यंत्र दीड तास चालू आणि आवाज शेवटच्या टोकाला. तारीख बघितली. ही गेली त्या दिवशी मी हॉस्पिटलमधून फोन केला होता तो. त्या दिवशी मला धड बोलताही येत नव्हतं. ते पान मी तसंच उघडं ठेवून बराच वेळ रडलो.

ता. क. २ : पासवर्ड देताना तुझी लेक म्हणाली होती, मामा, आईचं प्लॅस्टर काढलं त्या दिवशी तिनं तो लिहून ठेवलाय. तेव्हा माझं लक्षच नव्हतं. आत्ता फोन करून विचारलं, कसलं प्लॅस्टर? तेव्हा तिनं सगळं सांगितलं. तू न्हाणीघरात पडलीस, मनगट मोडलं, सहा आठवडे हात गळ्यात होता, आणि त्या सहा आठवड्यांत मी तुला रोज फोन करून आमची लिफ्ट, माझी दाढ आणि तिसऱ्या मजल्यावरचा कुत्रा यांची खबर दिली. तू सांगितलं होतंस का? डोकं खाजवून दमलो, आठवत नाही. सांगितलंही असशील. यंत्र तुझं बंद होतं, माझे कान तर शाबूत होते. मला लाज वाटते आहे.

ता. क. ३ : पाकिटात यंत्र शोधू नकोस, ते माझ्या खिशात आहे. शनिवारी दुपारच्या गाडीनं मीच घेऊन येतो, आठ दिवस राहीन. तू पडलीस कशी, उचललं कुणी, अजून दुखतं का, सगळं पहिल्यापासून सांग. मी मध्ये बोललो, तर त्याच हातानं एक ठेवून दे.