मुकी झालेली वाइन

ता. १९ ऑक्टोबर

वही कित्येक महिने उघडली नाही, त्याबद्दल आधी दिलगिरी. दवाखान्याच्या फेऱ्यांत लिहिण्याचं बळ उरत नव्हतं. आज लिहायचं आहे ते मृत्युपत्र. वकिलीणबाई म्हणाल्या, "तुमच्याच शब्दांत लिहा. दोन साक्षीदार असले की झालं."

तर मी, बाबांची धाकटी मुलगी, वय सत्तेचाळीस, द्राक्षमळा आणि तळघर सांभाळणारी, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. जिभेबद्दल तसं म्हणवत नाही. औषधांनी चव पार गेली आहे.

१. राहतं घर व बँकेतली शिल्लक वहिनीला, तिच्या एकटीच्या नावे. दादाचा आणि माझा अबोला असताना ती मागच्या दाराने डबा आणत राहिली. "तुमचं भांडण तुम्ही बघा. डबा मात्र मला रिकामा परत हवा," एवढंच म्हणायची.

२. पिंपं, नळ्या आणि छाटणीच्या कात्र्या पिंपवाल्या मिस्त्रींना. साक्षीदार म्हणून सही करायला ते हौसेने आले होते. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही, हे कळल्यावर चहा पिऊन गेले.

३. बाबांनी माझ्या नावे केलेला मळ्याचा वरचा उतार दादाला. वकिलीणबाई म्हणाल्या, "अहो, ते पहिल्याच हिवाळ्यात वेली उपटतील!" शक्य आहे. तिथली जमीन नुसता मुरूम. दिवसा दगड तापतात, रात्री वारा हाडं गोठवतो. द्राक्षं बारीक, जाड सालीची, काळीकुट्ट. दादा म्हणतो, तिथे कडू रस पिकतो. तो असं का म्हणतो, तेही लिहायला हवं.

बाबा गेले तेव्हा त्या उताराच्या द्राक्षांची त्यांची शेवटची वाइन नुकतीच बाटल्यांत भरली होती. इतकी दणकट लाल वाइन बाटलीत गेली की काही काळ गप्प होते. ना वास, ना गोडवा, नुसता तुरटपणा. बाबा म्हणायचे, "मुकी झालीय. तिला आत्ता बोलायला लावू नका." दादाने हे लहानपणापासून ऐकलं होतं. तरी त्या सुतकी दिवसांत गिऱ्हाइकासमोर त्याने बाटली उघडली, एक घोट घेतला आणि म्हणाला, "बाबांचा हात गेला होता. शेवटी वाइन जमेनाशी झाली होती." सगळा साठा सिरका, म्हणजे व्हिनेगर, करणाऱ्याला देऊन टाकला.

मी शिकत होते त्या शहरात बाबांनी जाण्याआधी मला त्याच वाइनच्या दोन बाटल्या पाठवल्या होत्या. पहिली मी फार वर्षांनी उघडली. काळी मिरी, पिकलेली तुती, धुरकट लाकूड. ती बोलतच सुटली! मी रडत दादाला फोन केला. तो म्हणाला, "तुझी जीभ पुस्तकातली आहे," आणि फोन ठेवला. तेव्हापासून आम्ही बोललो नाही.

४. दुसरी बाटली दादाला. फ्रीजमध्ये ठेवू नये. काचेच्या जगमध्ये ओतून तासभर सोडून द्यावी. सोबत मंद आचेवर शिजलेलं मेंढीचं मांस असावं, चरबीसकट. चरबीने तुरटपणा मऊ होतो. अळंबी किंवा जुनं, कडक चीजही चालेल. मासा नको. माशाबरोबर ती तोंडात गंजका खिळा धरल्यासारखी लागते. प्यायल्यावर बाबांचा हात खरंच गेला होता का, हे दादाने ठरवावं. मग वेली उपटाव्यात किंवा ठेवाव्यात.

हे कलम मी पुन्हा वाचलं. ही देणगी आहे की टोमणा? मी गेल्यावर तो एकटा ती बाटली उघडणार, पहिल्याच घोटात त्याला कळणार, आणि सिरका झालेल्या त्या सगळ्या बाटल्या त्याच्यासमोर उभ्या राहणार. तेव्हा "चुकलो गं" म्हणायला समोर कोणी नसेल. भांडायलाही नसेल. बाबांची बाजू घ्यायच्या नादात मी माझ्याच भावाला हे करायला निघाले होते का?

कलम ४ रद्द. खोडलेल्या मजकुराशेजारी सही केली आहे. बाटली माझ्या हयातीतच उघडायची. मला चव लागणार नाही. कशी लागते ते दादाने मला सांगावं.

स्थळ: तळघरावरची खोली. तारीख वर आहेच.
सही: धाकटी
साक्षीदार: १. माझे डॉक्टर २. शेजारच्या शिक्षिकाबाई

उद्या: दादाला स्वतः फोन करणे.