प्रांजलीच्या सुईची आणि शिळेची सोय

मी, मुंजाबा बद्रीनाथ शिंगाडे, धंदा मेंढपाळ, राहणार दौलताबाद, जिल्हा छत्रपती संभाजीनगर, शुद्धीवर असून, कुणाचाही दाब नसताना हे मृत्युपत्र करून ठेवतो. गुडघे गेलेत, डोकं जागेवर आहे.

१. मेंढरं मुलगा अंगदला. लंगडी म्हातारी मेंढी विकायची नाही.

२. मी स्वतः कमावलेलं राहतं घर, त्यातल्या सुया ठेवायच्या फ्रीजसह, सून शालूच्या एकटीच्या नावे. कारण लिहितो. नात प्रांजलीच्या अंगात कोबालामिन रिडक्टेज नावाचं एन्झाइम जन्मापासून धड नाही. त्यामुळे पोटात गेलेलं बी-बारा तिच्या अंगाला लागत नाही. तिला हायड्रॉक्सोकोबालामिनची सुई लागते. ती बंद पडली तर पोर हातची जाईल. सुई शालू देते, म्हणून शालू या घरातून हलता कामा नये. मेडिकलवाला साधं बी-बारा पुढे करील. त्याचाही रंग सुईतल्या औषधासारखा लाल असतो. रंगावर जाऊ नये, नाव वाचावं.

३. बहीण म्हाळसाबाई म्हणाली होती, "दादा, खोट शालूच्या माहेरची हाय. तिला धाडून द्या अन् अंगदला दुसरी करा." अंगद तेव्हा गप्प बसला, म्हणून घर त्याला नाही. म्हाळसा, हा दोष आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो, असं डॉक्टरीणबाई सांगतात. अर्धा आपल्याच घरचा आहे. तेव्हापासून आपण बोललो नाही. तरी माझी घोंगडी तुलाच. न्यायला आलीस की शालूच्या हातचा चहा पिऊन जा.

४. सुई टोचताना मी मेंढरांना घालतो ती शीळ घालतो, तेव्हाच प्रांजली पाय सैल सोडते. अंगदला शीळ येत नाही. शालूला येते, रानात एकटी असताना मी ऐकली आहे. पण सासऱ्यासमोर सुनेनं शीळ घालू नये, असा आमच्याकडे रिवाज. शालू, तो मी मोडला. मी जिवंत असतानाच, माझ्यासमोर घालायला लाग. तुझ्यावर माझी लई माया आहे, तोंडानं कधी सांगता आलं नाही.

कागद वाचून घेतला, पटला, सही केली.

दौलताबाद, दि. ४ फेब्रुवारी २०२५
सही: मुंजाबा शिंगाडे

साक्षीदार:
१. काकासाहेब जाधव, शेजारी
२. डॉ. विशाखा देशमुख

डॉक्टरांचा शेरा: मुंजाबा पूर्ण शुद्धीवर आहेत. कागद वाचून झाल्यावर शालूने आमच्यासमोर प्रांजलीला सुई दिली आणि शीळ घातली. पोरीने पाय सैल सोडला. त्यानंतर केलेली सही हललेली आहे ती त्यामुळे, प्रकृतीमुळे नाही.